चहा प्यायला थांबणं आणि चहा पिणं थांबवणं

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २३, बी.ए. झालंय. बाबांचं चार एकर कोरडवाहू वावर आहे, कापूस आणि तूर. संध्याकाळी आमच्या ओसरीत आठवी-नववीची अकरा मुलं शिकवणीला येतात. परवा इंग्रजी घेताना एका मुलानं विचारलं, ‘ताई, आय वाँट टू प्ले बरोबर, तर आय एन्जॉय टू प्ले चूक कसं?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘एन्जॉयनंतर आयएनजी लागते, पाठ कर’ एवढंच म्हटलं. तो खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नाही हे मला दिसलं. गाइडमध्ये दोन लांबलचक याद्या आहेत, कारण कुठेच दिलेलं नाही.

दुसरं म्हणजे माझी स्वतःचीही चूक होते. एका शाळेत नोकरीसाठी अर्ज दिला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘आय लुक फॉरवर्ड टू जॉइन युवर स्कूल.’ मुलाखतीत समोरच्या साहेबांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, ‘इंग्रजी शिकवणार म्हणता, आणि हे काय?’ ‘टू’नंतर मूळ क्रियापद येतं ना? मग चुकलं कुठं? मला ‘तू’च म्हणा, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या आहात.

— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर:

बेटा,

आधी त्या मुलाबद्दल. त्याचा प्रश्न व्याकरणातला फार चांगला प्रश्न आहे. ‘हे बरोबर तर ते चूक कसं’ असं ज्याला विचारावंसं वाटतं त्याचं भाषेवर लक्ष आहे. उद्या तो आला की त्याला सगळ्यांसमोर सांग, ‘तुझा प्रश्न मी विसरले नाही.’ एवढंही पुरेल, उत्तर दोन दिवसांनी दिलंस तरी चालेल.

आता माझी गोष्ट. नोकरीला लागून मला दुसरंच वर्ष होतं. एका प्रशिक्षणात प्रत्येकानं उभं राहून इंग्रजीत चार वाक्यं बोलायची होती. मी म्हटलं, ‘आय एन्जॉय टू टीच.’ प्रशिक्षकांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, त्यावर फुली मारली आणि पुढच्या बाईंना उभं केलं. का चूक, ते सांगितलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मी कुणाशी बोलले नाही. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून तेच वाक्य मनात घोळवत होते. मग एकदम लक्षात आलं की मी इंग्रजी बोललेच नव्हते. ‘मला शिकवायला आवडतं’ हे मराठी वाक्य मी उचललं होतं आणि त्यातल्या ‘ला’च्या जागी ‘टू’ ठेवला होता. चूक माझ्या कानानं केली होती. पण त्याच कानानं ‘आय वाँट टू टीच’ कधी चुकवलं नव्हतं. म्हणजे कान अगदीच खोटा नव्हता. कुठे खरा आणि कुठे खोटा, ते शोधत मी पुढची ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. जे सापडलं ते तुला सांगते.

पहिल्यांदा दोन नावं. ‘टू’ आणि त्यापुढे मूळ क्रियापद, टू गो, टू प्ले, टू लर्न, याला इन्फिनिटिव्ह म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘अमर्याद’. कोण, किती जण, कधी, या मर्यादा त्याला लागत नाहीत. म्हणून ‘शी वाँट्स टू गोज’ होत नाही, ‘ही ट्राइड टू वेंट’ होत नाही. एसचा आणि काळाचा सगळा भार पहिल्या क्रियापदानं उचललेला असतो, ‘टू’नंतरचं मोकळं. क्रियापदाला आयएनजी लावून त्याचं नाम केलं की तो जेरंड. स्विमिंग म्हणजे पोहणं, वेचणं म्हणजे पिकिंग. मराठी व्याकरणात आपण याला धातुसाधित नाम म्हणून शिकलोच आहोत.

आता तुझ्या मुलांच्या बोलीकडे ये. तुझी मुलं घरी काय म्हणतात? ‘मी नागपूरले चाललो.’ ‘मी शिकाले चाललो.’ दोन्हीकडे ‘ले’. गावाला जायचं तरी ‘ले’, कामाला जायचं तरी ‘ले’. पुस्तकी मराठीतही तसंच, नागपूरला आणि शिकायला. इंग्रजीत बघ: टू नागपूर, टू लर्न. हा योगायोग नाही गं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा ‘टू’ म्हणजे ‘कडे’, आणि त्याच्यापुढच्या क्रियापदाला तेव्हा विभक्तीचा प्रत्ययही लागायचा, आपल्या ‘शिकायला’सारखाच. पुढे प्रत्यय झिजून गेला, ‘टू’ राहिला. म्हणून इन्फिनिटिव्हमध्ये अजूनही वाटेवर असल्याचा वास आहे. काम समोर आहे, पाय तिकडे वळले आहेत, अजून पोचलेले नाहीत.

आयएनजी वेगळ्या घरची. त्याच जुन्या इंग्रजीत क्रियापदापासून नाम घडवायचा एक प्रत्यय होता, लर्निंग हा शब्द त्याच घडणीचा. तिथे काम म्हणजे एक वस्तूच झालेली असते. ती आवडते, नावडते, संपते, सोडता येते, टाळता येते. मराठीत हेच काम ‘णं’ करतं: वाचणं, बोलणं, तंबाखू खाणं.

हे मुलांना पटवायचं असेल तर फळा बाजूला ठेव आणि दोन मुलींना उठव. मी नववीच्या वर्गात हे दरवर्षी करायचे. एका मुलीला सांगायचे, तू वावरात चाललीस असं समज. ती बाकांच्या मधून चालू लागायची. मध्येच थांबायची, बाटली उघडायची, पाणी प्यायची. दुसरी मुलगी घटाघट पाणी पीत उभी. मी म्हणायचे, ‘पुरे.’ तिनं बाटली खाली ठेवायची. मग वर्गाला विचारायचं, दोघी काय काय करून राहिल्या होत्या? एका वर्षी मागच्या बाकावरचा एक मुलगा, इंग्रजीच्या तासाला कधी तोंड न उघडणारा, बसल्या जागेवरून बोलला, ‘ते पाणी प्याले थांबली, अन् हिनं पेनं थांबवलं.’ मी त्याचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, वऱ्हाडीतच. त्याखाली इंग्रजी लिहिलं: शी स्टॉप्ड टू ड्रिंक वॉटर. शी स्टॉप्ड ड्रिंकिंग वॉटर. ‘प्याले’खाली ‘टू ड्रिंक’, ‘पेनं’खाली ‘ड्रिंकिंग’. बाण काढायचीही गरज पडली नाही. पूर्ण वर्ग नुसता बघत होता. त्या मुलानं आपल्या बोलीतून जे सांगितलं ते इंग्रजीच्या व्याकरणात जसंच्या तसं बसलं होतं. त्या दिवसापासून तो तासाला बोलायला लागला.

मला हे ठामपणे सांगायचं आहे: तुझ्या ओसरीत मुलांनी ‘मले’, ‘तुले’, ‘शिकाले’ म्हटलं तर टोकू नकोस. आपल्याकडे कित्येक शाळांमध्ये पोरांची वऱ्हाडी आधी पुसून काढतात, मग तिथे पुस्तकी मराठी लिहितात, मग त्यावर इंग्रजी. तिसऱ्या थरापर्यंत पोर थकून जातं. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. आम्ही पाचवीत सुरू केली होती. चार वर्षं आधी सुरू होऊनही मूल आठवीत ‘आय एन्जॉय टू प्ले’वर अडतं, ते त्याला वर्षं कमी पडली म्हणून अडत नाही. त्याच्या तोंडातली भाषा आपण कधी कामाला लावलीच नाही.

‘स्टॉप’सारखी आणखी काही क्रियापदं आहेत, ज्यांच्यापुढे ‘टू’ आलं तर एक अर्थ आणि आयएनजी आलं तर दुसरा. गाइडं यांना सगळ्यात कठीण म्हणून शेवटी ढकलतात. मला वाटतं इथूनच सुरुवात करावी, कारण इथे मराठी कान शंभर टक्के खरा आहे. ‘रिमेंबर’ घे. ‘मोटर बंद करायचं लक्षात ठेव’, म्हणजे काम अजून व्हायचं आहे: रिमेंबर टू स्विच ऑफ द मोटर. ‘मोटर बंद केल्याचं मला आठवतं’, म्हणजे काम झालंय, आठवण आता येते आहे: आय रिमेंबर स्विचिंग ऑफ द मोटर. मराठीत ‘करायचं’ आणि ‘केल्याचं’ यांत जेवढं अंतर आहे तेवढंच इंग्रजीत. आणि हा फरक शेतकऱ्याच्या पोराला समजावावा लागत नाही. रात्रीच्या लाइनीवर ओलीत करणाऱ्या बापानं ‘बंद केल्याचं आठवते का’ म्हणून झोपेतून उठवलेलं असतं त्याला.

‘ट्राय’ त्याहून सुंदर आहे. ‘त्यानं खिडकी उघडायचा प्रयत्न केला’, जोर लावला, उघडली की नाही कोण जाणे: ही ट्राइड टू ओपन द विंडो. ‘त्यानं खिडकी उघडून पाहिली’, उकडत होतं, खिडकी उघडल्यावर तरी बरं वाटतं का ते पाहिलं: ही ट्राइड ओपनिंग द विंडो. ‘करून पाहणं’ ही आपल्या भाषेतली इतकी रोजची लकब आहे की तिचं आपल्याला अप्रूप वाटत नाही. औषध बदलून पाहिलं, बियाणं बदलून पाहिलं, एक तास कमी करून पाहिलं. ही सगळी ‘ट्राय’ आणि आयएनजी. ‘रिग्रेट’ही तसंच. ‘सांगायला वाईट वाटतं’ म्हणजे टू टेल, ‘सांगितल्याचा पस्तावा होतो’ म्हणजे टेलिंग.

आता याद्या. ‘टू’वाली क्रियापदं मराठीत करून बघ, बहुतेक ठिकाणी ‘ायला’ किंवा ‘ायचं’ ऐकू येईल. जायचं आहे, वाँट. जायचं ठरवलं, डिसाइड. यायला नकार दिला, रिफ्यूज. यायला तयार झाला, अग्री. पोहायला शिकलो, लर्न. घ्यायला परवडत नाही, कान्ट अफोर्ड. होप, प्लॅन, प्रॉमिस यांतही काम पुढेच आहे. आयएनजीवाल्यांत काम एक वस्तू होऊन समोर असतं: जाणं टाळलं, अव्हॉइड. तंबाखू खाणं सोडलं, गिव्ह अप. बोलण्याचा सराव केला, प्रॅक्टिस. जाण्याचा विचार केला, कन्सिडर. वाचून संपवलं, फिनिश. वाचत राहिला, कीप. पैसे घेतल्याचं कबूल केलं, अ‍ॅडमिट. पैसे घेतल्याचं नाकारलं, डिनाय. ‘डिनाय’ आणि ‘रिफ्यूज’ शेजारी शेजारी लिहून मुलांना दाखव. ‘घेतल्याचं नाकारलं’ आणि ‘द्यायला नकार दिला’. एक मागचं, एक पुढचं. डिनाइड टेकिंग, रिफ्यूज्ड टू गिव्ह.

पण कान दगा कुठे देतो तेही सांगायला हवं, नाहीतर तुझी मुलं माझ्यासारखी फुली खातील.

सगळ्यात मोठा दगा ‘आवडतं’चा. आपण ‘खेळायला आवडतं’ म्हणतो, म्हणून ‘एन्जॉय टू प्ले’ तोंडात येतं. तुझ्या मुलाला हेच झालं. त्याला सांग, ‘एन्जॉय’चं मराठी ‘आवडणं’ करू नको, ‘आनंद घेणं’ कर. कशाचा आनंद घेतो? खेळण्याचा. ‘खेळायला आनंद घेतो’ असं कुणी म्हणत नाही. आनंद घ्यायचा तर हाती काहीतरी असावं लागतं, नाम लागतं, म्हणून प्लेइंग. आणि ‘वाँट’मध्ये खेळ अजून हाती आलेलाच नाही, तिकडे जायचं आहे, म्हणून टू प्ले. हे त्याच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर आहे. तो लगेच विचारेल, मग ‘लाइक’चं काय? लाइक, लव्ह, हेट, स्टार्ट, बिगिन यांना दोन्ही चालतं, अर्थामध्ये फारसा फरक पडत नाही. फक्त ‘वुड लाइक’ आलं की ‘टू’च, कारण तिथे इच्छा बोलते आहे.

दुसरा दगा ‘माइंड’चा. ‘दार उघडायला हरकत आहे का’ असं आपण म्हणतो, इंग्रजीत मात्र ‘वुड यू माइंड ओपनिंग द डोअर’. तिसरा ‘सजेस्ट’चा. ‘तिनं थांबायला सुचवलं’ हे कानाला ठीक वाटतं, पण ‘थांबण्याचं सुचवलं’ असं मनात म्हणायची सवय लावावी: शी सजेस्टेड वेटिंग. एन्जॉय, माइंड, सजेस्ट ही तीन क्रियापदं लाल खडूनं भिंतीवर लिहून ठेव. पाठांतर करायचंच असेल तर या तिघांचं करावं. बाकीच्यांसाठी बहुतेक वेळा कान चालतो.

आणखी एक जागा. ‘मला जायला पाहिजे’ म्हणून मुलं ‘आय शुड टू गो’ लिहितात. कॅन, शुड, मस्ट, विल यांच्यापुढे ‘टू’ येत नाही. हे साधं आहे, दोन दिवसांत जमतं. ‘आईनं जायला लावलं’ म्हणजे ‘मदर मेड मी गो’, ‘आईनं जाऊ दिलं’ म्हणजे ‘मदर लेट मी गो’. इथेही ‘टू’ नाही.

आपल्या भागातल्या मुलांची एक गफलत मी कुठल्याच गाइडमध्ये वाचली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आयएनजी दिसलं की ती सगळ्याला चालू काळ समजतात. ‘शी इज रीडिंग’ आणि ‘शी लाइक्स रीडिंग’ यांत त्यांना फरक दिसत नाही, कारण शेपूट सारखंच. पण आपल्याकडे चालू काळ म्हणायची एक पक्की पद्धत आहे: ‘ते वाचून रायली.’ पुण्याकडचा माणूस असं म्हणत नाही, आपण म्हणतो. तिचा उपयोग कर. आयएनजीच्या जागी ‘करून राहिली’ बसलं तर ते नुसतं चालू क्रियापद, ‘करणं’ बसलं तर जेरंड. ‘शी इज रीडिंग’, वाचून रायली, बसलं. ‘शी लाइक्स रीडिंग’, तिला वाचून रायली आवडते? नाही बसत. वाचणं आवडते, बसलं. मुलं ही परीक्षा दहा मिनिटांत शिकतात आणि मग विसरत नाहीत. जी बोली गावंढळ म्हणून हसण्यावारी नेतात तिच्यात ही सोय आहे, आणि ती तुझ्या अकरा मुलांपाशी फुकट आहे.

‘साठी’वरही थोडं थांबावं लागेल. ‘बाबा दर्यापूरला बियाणं आणण्यासाठी गेले.’ मुलं लिहितात, ‘फादर वेंट टू दर्यापूर फॉर ब्रिंगिंग सीड’, काही तर ‘फॉर ब्रिंग’. ‘साठी’ दिसला की ‘फॉर’, असं त्यांनी धरलेलं असतं. त्यांना सांग, ‘आणण्यासाठी’च्या जागी ‘आणायला’ म्हणून बघा. बाबा बियाणं आणायला गेले. चाललं? मग ‘फॉर’ पुसा आणि ‘टू’ लिहा: फादर वेंट टू दर्यापूर टू ब्रिंग सीड. माणूस एखाद्या हेतूनं काही करतो तिथे हे चालतं. ‘हा विळा गवत कापण्यासाठी आहे’, अशी वस्तू कशाच्या कामाची ते सांगायचं तर ‘फॉर कटिंग’ बरोबर आहे.

‘साठी’ सोडला तर ‘ण्या’च्या पुढे शब्द जोडलेला दिसला की बहुतेक वेळा आयएनजी. शिकण्यात रस आहे, इंटरेस्टेड इन लर्निंग. बोलण्याची भीती वाटते, अफ्रेड ऑफ स्पीकिंग. जाण्याआधी, बिफोर गोइंग. विचारण्याऐवजी, इन्स्टेड ऑफ आस्किंग. ‘न विचारता’त ‘ण्या’ नाही, पण इंग्रजीत ‘विदाउट आस्किंग’च. इन, ऑफ, अबाउट, विदाउट, बाय अशा शब्दांनंतर क्रियापद उघडं येत नाही, ते आयएनजी घालूनच येतं. याला अपवाद मला ३१ वर्षांत शिकवताना अडले नाहीत.

आणि इथेच तुझी लाल रेघ आहे.

इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक वाटेवरचा, टू गोमधला. दुसरा इन, ऑफ, विदाउट यांच्या पंगतीत बसणारा, ‘कडे’ या अर्थाचा साधा शब्द. ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ हा दुसरा. कसा ओळखायचा? त्याच्यापुढे सरळ एखादं नाम ठेवून बघायचं. पोळा ठेव. ‘वी लुक फॉरवर्ड टू पोळा’, आम्ही पोळ्याची वाट पाहतो आहोत. बसलं. ‘वी वाँट टू पोळा’? नाही बसत. जिथे पोळा बसतो तिथे क्रियापदानंही नाम होऊनच बसायचं. तू ‘टू’नंतर मूळ क्रियापद येतं हा नियम पाळला होतास, आणि नियम पाळताना चुकलीस. ते तुझं अज्ञान नव्हतं. तुला कुणी दुसरा ‘टू’ दाखवलाच नव्हता. रेघ मारणाऱ्यांना तो दाखवायला एक मिनिट लागलं असतं. त्यांनी ते केलं नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यातही जी मुलगी अकरा पोरांना ओसरीत बसवून शिकवते तिला सगळ्यांदेखत असं बोलायला नको होतं.

याच घरातला ‘यूज्ड टू’ही आहे, त्यावर मुलं हमखास अडखळतात. तू कॉलेजात असताना एसटीच्या फाट्यापर्यंत चालत जात असशील. ‘मी फाट्यापर्यंत चालत जायची’: आय यूज्ड टू वॉक. आता जात नाहीस. ‘मला चालण्याची सवय आहे’: आय एम यूज्ड टू वॉकिंग. आजही चालू शकतेस. मराठीत ‘ण्या’ आला की इंग्रजीत आयएनजी आली, बघ. पोळ्याची परीक्षा इथेही लागते: ‘आय एम यूज्ड टू द हीट’, उन्हाची सवय आहे, बसलं.

शिकवायचं कसं, तेही थोडं सांगते. दिवसाला चार क्रियापदांपेक्षा जास्त देऊ नकोस. ओसरीच्या भिंतीवर दोन रकाने काढ, एकावर ‘ले’, दुसऱ्यावर ‘णं’. रोज प्रत्येक मुलानं दिवसभरातलं एक खरं वाक्य आणायचं, आधी वऱ्हाडीत. ‘माय पऱ्हाटी वेचाले गेली.’ ‘बाबानं तंबाखू खाणं सोडलं.’ ‘उन्हात वेचणं कठीण आहे.’ ते कोणत्या रकान्यात जातं हे आधी ठरवायचं, इंग्रजी नंतर. मदर वेंट टू पिक कॉटन. फादर हॅज गिव्हन अप चूइंग टोबॅको. पिकिंग कॉटन इन द सन इज हार्ड. वाक्याची सुरुवात क्रियेनं करायची असेल तर अशी आयएनजीनंच करावी. आणि कुणी ‘णं’चं वाक्य ‘ले’त टाकलं तर खोडू नकोस. बाकीच्यांना विचार, कान काय म्हणतो? भांडू दे त्यांना थोडं. नवीन वाक्य चुकीच्या रकान्यात टाकणारं पोर नुसतं ऐकून घेणाऱ्यापेक्षा पुढे असतं, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

अर्जातली ती ओळ पुढच्या वेळी अशी लिही: ‘आय लुक फॉरवर्ड टू जॉइनिंग युवर स्कूल.’ आणि मुलाखतीत कुणी ‘टू’नंतर आयएनजी कशी म्हणून विचारलं, तर त्यांच्यासमोर ‘टू’पुढे पोळा ठेवून दाखव.